सतारीला उठू दे

दस्तगीरचाचांचा फोन आला तेव्हा केतकी प्रयोगशाळेत होती. एका विद्यार्थ्याच्या कानामागे संवेदक चिकटवता चिकटवता तिने नाव पाहिलं आणि तिचा हात थांबला. चाचा कधी फोन करत नसत. मिरजेला सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं, आणि केतकीच्या वडिलांनी, मनोहर उपळेकरांनी, जन्मभर त्यांच्याच हातच्या सतारी वाजवल्या होत्या. मागच्या जानेवारीत बाबा गेले तेव्हाही चाचांनी फोन केला नव्हता. ती पुण्याहून पोचली तेव्हा ते आधीच दारात येऊन बसलेले होते.

"केतकी, कानस हातात आहे," चाचा म्हणाले. "म्हटलं आधी तुला विचारावं."

"कशावर चालवताय?"

"तुझ्या बाबांच्या घोडीवर. पहाटेच्या सतारीच्या. प्रथमेश सकाळी आणून ठेवून गेला. म्हणाला, जवारी बसलीय, खुली करून द्या. मी म्हटलं, केतकीला विचारलंस का? तर त्याने कागद दाखवला. खाली तुझी सही."

केतकी स्टुलावर बसली. सतारीच्या भोपळ्यावर लाकडाची तबली असते आणि तबलीवर हाडाची छोटी चपटी घोडी. तारा तिच्या पाठीवरून जातात. त्या पाठीला एक उतार दिलेला असतो, इतका सूक्ष्म की डोळ्याला दिसत नाही, बोटाला जेमतेम कळतो. त्या उताराने तारेचा आवाज कसा फुलायचा ते ठरतं. त्यालाच जवारी म्हणतात. बाबांच्या कानात जो आवाज होता तो त्या उतारात होता, आणि दुसरीकडे कुठेच नव्हता.

"ती बसलेली नाही," चाचा म्हणाले. "मी तशीच काढलीय. चोवीस वर्षांपूर्वी, त्यांना समोर बसवून, नऊ पहाटा लागल्या. एकदा हाड घासलं की परत येत नाही, पोरी."

"मी निघते. हात लावू नका."

"लावायचा असता तर फोन कशाला केला असता? ये. चहा टाकतो म्हणत नाही, तू पोचेपर्यंत गार होईल."

सातारा मागे पडेपर्यंत केतकीने तो करार फोनवर तीनदा वाचला. सही तिचीच होती. बाबा गेल्यावर आठव्या दिवशी, बँकेचे आणि दाखल्यांचे कागद समोर येत होते त्यांच्यात हाही आला होता, आणि तिने खाली नाव लिहून पुढचा कागद ओढला होता. पहिल्या स्मृतिदिनी, संध्याकाळी सात वाजता, सांगलीच्या नव्या सभागृहात, मनोहर उपळेकरांच्या सतारीवर त्यांचा शिष्य प्रथमेश कागवाडे ललत वाजवणार होता. हजार श्रोते, हजार प्रहरपट्ट्या. आणि वाद्य 'वादनयोग्य करून घेण्याचा' अधिकार त्या पट्ट्या बनवणाऱ्या कंपनीचा.

प्रहरपट्टीचं मूळ तिच्याच संशोधनात होतं.

दहा वर्षांपूर्वी तिला एक साधा प्रश्न पडला होता. बाबा ललत फक्त उजाडताना वाजवत. एका मोठ्या सत्कारात संध्याकाळी ललतचा आग्रह झाला, तेव्हा सतार गवसणीत घालत ते म्हणाले होते, "मग सत्कार सकाळी करा." ही निव्वळ परंपरा, की कानात खरोखर काही घडतं? ललत तपासायला सोयीचा राग होता. बहुतेक रागांत शुद्ध आणि तीव्र या दोन मध्यमांपैकी एकच असतो. ललतमध्ये दोन्ही, आणि तेही शेजारी शेजारी, एकाला लागून दुसरा. वर ज्याचा आधार घ्यायचा तो पंचम काढून टाकलेला. दोन मध्यम ऐकणाऱ्याला वेगळे कळले नाहीत तर तो राग नुसता धूसर वाटतो.

केतकीने चाळीस माणसांना ते दोन स्वर पहाटे ऐकवले आणि संध्याकाळी ऐकवले. पहिला माणूस बाबाच होते, डोक्याला तारा लावून घेताना कुरकुरणारे. निकाल स्वच्छ आला. रात्रभराच्या शांततेनंतर मेंदूचा ऐकणारा भाग आपली संवेदना वाढवून बसलेला असतो. केसाएवढा फरक त्याला ढळढळीत दिसतो. दिवसभर आवाज पचवल्यावर तोच भाग दमतो आणि पुढचा स्वर कोणता येणार ते आधीच धरून चालतो. 'पहाटेचा मेंदू ऐकतो, संध्याकाळचा मेंदू अंदाज करतो,' असं तिने निबंधात लिहिलं होतं. ते वाक्य पुढे कंपनीच्या खोक्यांवर छापलं गेलं.

कारण उपाय त्यातच होता. कानामागून अगदी सौम्य विद्युतप्रवाह सोडला की अंदाज करणारा भाग चाळीस मिनिटं गप्प बसतो. डोळ्यांच्या कडेला रंग बदलणारा उजेड दिला की मेंदूतल्या घड्याळाला वाटतं, फटफटतंय. पट्टी कपाळाला लावा, हवा तो प्रहर निवडा. केतकी सल्लागार झाली. पट्टी फसवी नव्हती, तिने स्वतः तपासली होती. तीन वर्षांत लोक ऑफिसात दुपारी चारला भैरव ऐकू लागले. दिवाळी पहाट रात्री आठला होऊ लागली, जेवून-खाऊन, आणि कोणालाच त्यात चमत्कारिक वाटेनासं झालं. सकाळच्या मैफली एकेक करत बंद पडल्या. मिरजेच्या घराच्या गॅलरीत बाबांची रोजची पहाटेची बैठक तेवढी चालू राहिली. साठ माणसांची वीस झाली, विसांची चार.

दुकानात शिरताना केतकीने सवयीने डोकं खाली केलं. छताला वाळलेले भोपळे टांगलेले होते, हात लागला की पोकळ वाजणारे. चाचा पाटावर बसले होते, समोर सतार, आणि शेजारी प्रथमेश. तो बाबांपाशी अकरा वर्षं शिकला होता. तिला पाहून तो उठला आणि वाकून नमस्कार करता करता थांबला.

"ताई, तुम्ही चिडलाय."

"तू मला विचारलं नाहीस."

"तुमची सही होती. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे." त्याने सतारीकडे पाहिलं. "सभागृहात वाजवून बघितली. आवाज दबतो. तार हाडाला चिकटल्यासारखी वाटते. वर्षभर पडून होती, जवारी बसली असेल, असंच वाटलं मला."

"सभागृहात एसी होता?" चाचांनी विचारलं.

"होता की."

"मग दबणारच. ही घोडी पहाटेच्या दमट गारव्यासाठी काढलीय. पहाटे तबली केसभर फुगते, घोडी उचलली जाते, तार मोकळी होते. तुझ्या एसीत तबली आवळून बसली, तार आडवी झाली. मनोहरराव रोज सतार गवसणीतून काढून अर्धा तास गॅलरीत उघडी ठेवायचे. वाजवायचे नाहीत. म्हणायचे, सतारीला उठू दे."

प्रथमेशने वाकून घोडीकडे पाहिलं. मग म्हणाला, "गुरुजींनी मला हे कधी सांगितलं नाही."

"तू पोचायचास तेव्हा सतार उठलेली असायची. तू सहाला यायचास."

"पावणेसहाला."

"तुझ्या घड्याळात."

केतकीला हसू आलं, पण प्रथमेश हसला नाही. "ठीक आहे, माझी चूक," तो म्हणाला. "पण ताई, एक सांगा. शेवटच्या वर्षी गॅलरीत किती माणसं येत होती? चार. त्यातला एक मी, एक चाचा."

"एक बिराजदार," चाचा म्हणाले. "ते चहासाठी यायचे."

"थट्टा नको, चाचा. अकरा वर्षं शिकलो मी. कोणापुढे वाजवू? परवा हजार माणसं आहेत. हजार माणसांना दोन्ही मध्यम वेगळे ऐकू येतील. गुरुजींना जन्मात इतकी माणसं मिळाली नाहीत. ती घोडी जपून ठेवायची आणि राग कोणी ऐकायचा नाही, हे तुम्हाला चालतं का?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याने पिशवीतून पट्टी काढून तिच्यापुढे धरली. "लावा. गुरुजींचं ध्वनिमुद्रण आहे. दुपारचे साडेचार वाजलेत. ऐका आणि मग सांगा, हे खोटं आहे म्हणून."

तिने पट्टी लावली. डोळ्यांच्या कडेला उजेड करडा झाला, मग फिकट निळा. गल्लीतला रिक्षांचा आवाज दूर गेला. बाबांची सतार सुरू झाली. शुद्ध मध्यम आला, त्याच्या अंगातून तीव्र मध्यम उगवला, पुन्हा शुद्धावर विसावला. दोन्ही स्वच्छ, दोन्ही आपापल्या जागी. वर्षभरात ती बाबांसाठी रडली नव्हती. आता गालावरून पाणी ओघळलं, आणि पट्टीच्या कडेने ते कुठे जातंय हेही तिला जाणवत राहिलं.

असंच एकदा संध्याकाळी तिने बाबांना पट्टी लावली होती. त्यांनी स्वतःचंच मुद्रण शेवटपर्यंत ऐकलं होतं. पट्टी काढून नीट घडी घालून म्हणाले होते, "छान आहे. सगळं ऐकू आलं." मग जरा वेळाने, "पण मला काही करावं लागलं नाही गं." तिने ते कौतुक समजून पट्टीवरच्या निबंधात नोंदवलं होतं.

केतकीने पट्टी उतरवली. "हे खोटं नाही," ती प्रथमेशला म्हणाली. "पट्टी अगदी बरोबर चालते. तरीही नको."

"का?"

"ते मला अजून नीट सांगता येत नाही. पण घोडीला कानस लागणार नाही."

तिने तिथूनच कंपनीच्या मंदार पाटणकरांना फोन लावला. पाटणकर सभ्य माणूस होता, बाबांच्या अंत्यदर्शनालाही येऊन गेला होता.

"पाटणकर, कार्यक्रम पहाटे ठेवा. सतार आहे तशी वाजेल, प्रथमेश वाजवेल, मीही बोलेन."

"मॅडम, पहाटे पट्टी कोण लावेल?"

"कोणी नाही."

"मग आम्ही तिथे काय करायचं?" तो मनापासून विचारत होता. "पहाट-संध्याकाळचा आलेख तुमचाच आहे. लोकांना पहाटे उठणं जमत नाही. कोणी आजारी असतं, कोणाची रात्रपाळी असते. त्यांनी ललत ऐकूच नये का?"

"त्यांनी जरूर ऐकावा. पट्टी विका, मी अडवत नाही. पण माझ्या वडिलांची सतार संध्याकाळची करायला मी देणार नाही."

"करार आहे, मॅडम. आणि तुमची प्रयोगशाळा पुढच्या वर्षी चालू राहायची तर... तुम्ही समजूतदार आहात."

"सतार द्यायची लिहिलंय. देते."

फोन ठेवल्यावर ती पुन्हा करार वाचू लागली. या वेळी चौथ्यांदा, आणि मोठ्याने. "वाद्य परिशिष्टाप्रमाणे. सतार एक. गवसणी एक. नख्या दोन."

प्रथमेश चहा सांगायला कोपऱ्यावर गेला होता. चाचांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "घोडी?"

"घोडी नाही."

"लिहिणारा सतारवाला नव्हता," चाचा म्हणाले, आणि खुंट्या सैल करायला लागले. तारा एकेक करत सैलावल्या. घोडी तबलीवरून सरकून त्यांच्या तळहातात आली. ती पिवळसर होती, वर तारांनी कोरलेल्या बारीक रेघा. त्यांनी ती मलमलीच्या तुकड्यात गुंडाळून केतकीच्या हातात ठेवली. बोटाच्या दोन पेरांएवढी वस्तू, आणि जवळजवळ वजनच नाही.

स्मृतिदिनाच्या संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. प्रत्येक खुर्चीवर पट्टी ठेवलेली होती. रंगमंचामागच्या खोलीत प्रथमेशने गवसणी उघडली आणि तो तसाच बसून राहिला. तारा तबलीवर लोळत होत्या.

"ताई, हे काय केलंत?"

"तू मला विचारलं नव्हतंस, मी तुला विचारलं नाही. फिटंफाट." तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा स्थिर निघाला. "तुझी सतार आणलीयेस ना?"

"गाडीत आहे. पण त्यावर ललत..."

"ललत कोण म्हणतंय? बाहेर बघ. संध्याकाळ आहे. मारवा वाजव."

पाटणकर दारात येऊन उभा होता. त्याने उघडी सतार पाहिली आणि चेहऱ्यावरचं हसू आवरून घेतलं. "मॅडम, मी हे तुमच्या दुःखाच्या खाती टाकू शकतो. अजून वेळ आहे. घोडी द्या."

"दुःखाच्या खाती टाकू नका," केतकी म्हणाली. "मी पूर्ण शुद्धीवर आहे. उद्या लेखी देईन, सल्लागारपदाच्या राजीनाम्यासकट."

मग ती रंगमंचावर गेली. पाच मिनिटांचं भाषण तिच्या नावावर होतं. तिने मलमलीतून घोडी काढून तळहातावर धरली. मागच्या रांगांना ती दिसणं शक्य नव्हतं.

"ही माझ्या वडिलांच्या सतारीची घोडी आहे," ती म्हणाली. "ही माझ्याकडे असल्यामुळे आज ललत होणार नाही. तुमच्या खुर्चीवर जी पट्टी आहे ती माझ्या संशोधनातून निघाली. ती चालते. तिने तुम्हाला दोन्ही मध्यम नक्की ऐकू येतील. पण ललत ऐकायला माझे वडील इतकंच मागायचे की माणसाने उठून यावं. पट्टी तेवढंच नेमकं वाचवते. उद्या पावणेसहाला मिरजेत, दस्तगीर शिकलगारांच्या दुकानासमोर, ही घोडी सतारीवर असेल. वाजवायला कोणी आलं नाही, तर आम्ही नुसती सतार उघडी ठेवून बसू."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोघा-तिघांनी मोठ्याने नापसंती दाखवली. एक जण म्हणाला, आम्ही कोल्हापुराहून आलोय, आमचं काय? प्रश्न बरोबर होता. ती विंगेत आली तेव्हा प्रथमेश तिच्याकडे न पाहता पुढे निघून गेला, हातात स्वतःची सतार. बसून त्याने सूर लावला आणि मारवा सुरू केला. हजार कपाळांवर पहाट लावलेली होती. तिच्यात मारवा कुठेच बसेना. थोड्या वेळाने पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पट्टी काढून मांडीवर ठेवली. मग शेजारच्याने काढली.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता गल्लीत दिवे होते आणि माणूस नव्हता. केतकीने रात्रीच सभागृहातून परत आणलेल्या सतारीवर चाचांनी घोडी बसवली, तारा चढवल्या, पंचमाची तार मध्यमाला उतरवली आणि सतार दारातल्या बाकावर उघडी ठेवली. थंडी बोचरी होती. तबलीवर दंवाचा ओलसर हात फिरल्यासारखा झाला. केतकी पायरीवर शाल गुंडाळून बसली. पिशवीत तिने संवेदक आणले होते, सवयीने.

साडेपाचला बिराजदार आले. "चहा आहे ना?" त्यांनी विचारलं.

मग सायकलवरून एक शिक्षक. मग रात्रपाळी संपवून आलेल्या दोन नर्स. एक म्हातारं जोडपं, काल कोल्हापुराहून आलेलं आणि रागावून मुक्कामाला राहिलेलं. पावणेसहापर्यंत एकोणीस माणसं झाली. टांगलेल्या भोपळ्यांखाली, पायऱ्यांवर, समोरच्या बंद दुकानाच्या कट्ट्यावर ती बसली. ललत वाजवणारा नव्हता.

पावणेसहाला तीन मिनिटं कमी असताना प्रथमेश आला. केस ओले, पायात चपला नाहीत. त्याने सतारीला नमस्कार केला, बाकावर बसून ती मांडीवर घेतली आणि नखी बोटात सरकवली.

"अजून नाही," चाचा म्हणाले.

"चाचा, लोक बसलेत."

"बसू देत. तू कधी हे पाहिलेलं नाहीस. आज पाहा."

प्रथमेशने हात मांडीवर ठेवला. कोणी काही बोललं नाही. बोलायचं सुचलं तरी ते गल्लीत मोठं वाटलं असतं. केतकीला लांबच्या नळाचं ठिबकणं ऐकू आलं, मग पाखराच्या पंखांची फडफड, मग शेजारच्या नर्सचा श्वास. दर मिनिटाला आवाज लहान होत होते आणि स्पष्ट होत होते. आणि एकदम तिच्या लक्षात आलं की तिच्या चाळीस माणसांना तिने गाडीने आणवलं होतं, खुर्चीत बसवून लगेच स्वर ऐकवले होते. हा वेळ तिने मोजलाच नव्हता. बाबांचा अर्धा तास सतारीसाठी होता तितकाच समोर बसलेल्यांसाठी होता. सगळेच उठत होते. आणि हे कोणी कोणासाठी करून देऊ शकत नव्हतं.

तिने पिशवीतले संवेदक काढले नाहीत. बाहेरच्या फळीवर भोपळ्यांची मापं लिहायचा खडू होता. ती उठली आणि तिने त्याच फळीवर ठळक अक्षरांत लिहिलं: रोज पहाटे, पावणेसहा. पट्टी नको. खाली तिने पूर्ण नाव घातलं आणि सही केली. ही मात्र वाचून.

कट्ट्यावर बसलेल्या कोल्हापूरच्या आजोबांनी कपाळावरच्या पट्टीला हात लावला. कालची पट्टी त्यांनी रात्री खिशात टाकली होती आणि निघताना, न जाणो, म्हणून लावली होती. "ताई," ते हळूच म्हणाले, "ही काढू का? की राहू दे?"

"काढा," केतकी म्हणाली. "तुम्ही उठलेले आहात."

त्यांनी पट्टी काढली, बायकोच्या पर्समध्ये टाकली आणि शाल कानांवरून मागे सारली. पूर्वेकडच्या कौलांमागे काळं जरा पातळ झालं होतं. चाचांनी दोन बोटं तबलीवर टेकवली, आजारी माणसाचा ताप पाहावा तशी. प्रथमेश त्यांच्या तोंडाकडे पाहत होता.

"हं," चाचा म्हणाले. "आता."